गिअरच्या तेलाचा ताप

आतून तापणाऱ्या वस्तूंची जेवढी काळजी आमच्या साडभाऊंनी वाहिली, तेवढी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून आणखी कोणी वाहिली असेल असं मला वाटत नाही. आणि हे दोन्ही जिल्हे असे, की मे महिन्यात इथं सावलीतली लोखंडी खुर्चीसुद्धा माणसाला बसू देत नाही. लोक उन्हाला शिव्या घालतात, कूलरमध्ये पाणी ओततात, डोक्याला दुपट्टा बांधतात आणि कामाला लागतात. खुर्चीला काय वाटत असेल हा विचार कोणी करत नाही. साडभाऊ करायचे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. उंच, हाडकुळा, किंचित पोक काढून चालणारा माणूस. कुठल्याही घरात शिरला की आधी टीव्हीच्या पाठीवर हाताची उलटी बाजू टेकवायचा आणि मग यजमानाला रामराम-जयभीम काय असेल ते करायचा. एकदा त्यांच्या घरी सगळी गल्ली क्रिकेटची मॅच बघायला जमली होती. शेवटचं षटक, चार चेंडू बाकी, लोक श्वास रोखून बसलेले, आणि साडभाऊंनी उठून टीव्ही बंद केला. ‘‘लय तापला,’’ ते म्हणाले. ‘‘दहा मिनटं सुस्तावू द्या त्याले.’’ त्या खोलीत पंचवीस-तीस माणसं घामानं निथळत होती, त्यांतल्या एकाच्याही अंगाला त्यांनी हात लावून पाहिला नाही. ‘‘मले ताप आला त यायले पत्ता नसते,’’ त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, माझ्या बायकोजवळ सांगायची, ‘‘अन् मिक्सर तापला त चेहरा उतरते यायचा.’’

माझ्या मेहुण्याच्या लग्नात मात्र या खोडीचं सोनं झालं. बुद्धवंदना झाली, मंगल परिणय पार पडला, आणि आशीर्वाद द्यायला म्हणून एक स्थानिक पुढारी उभे राहिले ते खाली बसायलाच तयार होईनात. मांडवात लेकरं रडायला लागली, आचारी येऊन दोनदा डोकावून गेला. साडभाऊ शांतपणे मांडवाच्या मागं गेले, अॅम्प्लिफायरला हात लावून पाहिला आणि वायर काढली. पुढारी दोन-तीन वाक्यं तसेच बोलत राहिले, मग आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईना म्हणून थांबले. ‘‘मशीन तापली होती,’’ साडभाऊंनी खुलासा केला. त्यांच्या मनात दुसरं काहीच नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण पंगतीत त्यांच्या पानात इतक्या जणांनी आग्रहानं बुंदी वाढली, की बिचाऱ्यांना संध्याकाळी सोडा घ्यावा लागला.

ही सवय त्यांना कोळशानं लावली होती. माजरी पट्ट्यातल्या एका उघड्या खाणीत ते कितीतरी वर्षं डंपर चालवत. हे डंपर म्हणजे दुमजली घराएवढे, आणि त्यांना हातानं टाकायचे गिअर नसतात. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत तेलातून जातो. भरलेला डंपर खाणीच्या तळातून चढ चढायला लागला की ते तेल आत घुसळलं जातं आणि तापतं. फार तापलं की जळतं, आणि मग इंजिन नुसतं ओरडत राहतं, गाडी जागची हलत नाही. त्यासाठी चालकासमोर एक काटा असतो. बाकीचे चालक त्या काट्याकडे आपण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो तसे अधूनमधून बघायचे. साडभाऊ त्याच्याकडे बघता बघता मधूनमधून रस्त्याकडे बघायचे. काटा जरा चढला की डंपर कडेला. मागं डंपरांची रांग, हॉर्नवर हॉर्न. ‘‘डंपर नाई तापला, तुयं डोस्कं तापलं!’’ असं त्यांचा फोरमन ओरडला, तेव्हा साडभाऊंनी खाली उतरून फोरमनच्या कपाळाला हात लावला म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही. पुढं पाठीच्या मणक्यानं दगा दिला, कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि साडभाऊ घरी बसले. घरी बसून ते फ्रिजजवळ खुर्ची टाकून त्याच्या मागच्या जाळीचा अंदाज घेऊ लागले, तेव्हा मेहुणीनं मला निरोप धाडला, की यायले कुठी तरी घेऊन जा.

मी तेव्हा एटापल्लीच्या पलीकडं, जंगलात असलेल्या एका धर्मादाय दवाखान्यात स्टोअरकीपर होतो. योगायोग असा, की त्याच सुमारास परदेशातल्या कुणी दानशूर मंडळींनी दवाखान्याला एक जुनी पण धडधाकट जीप पाठवली होती, आणि ती बिनगिअरची होती. क्लचचं पायडलच नाही. आमचा आधीचा ड्रायव्हर आत बसला, डाव्या पायानं खाली बराच वेळ चाचपडला आणि ‘‘हिचा एक पाय तोडेल हाय’’ म्हणून उतरला. त्याच्या जागी मी साडभाऊंना घेऊन आलो, तर त्यांना ती बघून माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. डाव्या पायाला काम नाही म्हटल्यावर त्यांनी तो सीटवर दुमडून घेतला, आणि पुढली सगळी वर्षं ती जीप त्यांनी अर्धी मांडी घालून चालवली. बैलगाडीवर बसावं तसं.

त्या जीपसोबत एक छोटी डबी आली होती, करड्या वायरीची, पुढं आकडे दिसणारी काच. मी ती रक्तदाब मोजायच्या यंत्रांच्या फडताळात ठेवली होती, आणि आमच्या सिस्टरनी ती एकदा एका म्हाताऱ्याच्या दंडाला लावूनही पाहिली होती. नव्या आलेल्या तरुण डॉक्टरांनी सोबतचं पुस्तक वाचलं तेव्हा उलगडा झाला, की ही डबी माणसाची नसून जीपची आहे. स्टिअरिंगच्या खाली तिची खोबण होती. वायर खोचली, की गाडीच्या पोटात काय चाललंय ते डबी आकड्यांत सांगायची: इंजिन किती फिरतं, पाणी किती गरम, आणि एक बटण पुढं दाबलं की गिअरच्या तेलाचं तापमान. साडभाऊंनी ते बटण दाबलं आणि मग डबीचं दुसरं कुठलंच बटण आयुष्यात दाबलं नाही. आकडा फॅरनहाइटमध्ये होता. ‘‘म्हणजे आपल्या तापावानीच?’’ त्यांनी डॉक्टरांना विचारलं. ‘‘तसंच,’’ डॉक्टर म्हणाले. झालं. माझ्याकडून चिकटपट्टी नेऊन डबी त्यांनी स्टिअरिंगच्या बाजूला पक्की बसवली, आणि त्या दिवसापासून जीपचा ताप सकाळ-संध्याकाळ जाहीर होऊ लागला. ‘‘आज एकशे ऐंशी. खुशाल हाय.’’ ‘‘आज चढावर दोनशे वीस झाला होता, पण उतरला.’’ पुस्तकात लिहिलं होतं, की अडीचशेच्या वर गेलं तर गाडी थांबवावी, इंजिन चालू ठेवून तेल निवू द्यावं. हे एक वाक्य साडभाऊंनी डॉक्टरांकडून तीनदा वाचून घेतलं. एकदा दवाखाना चालवणाऱ्या खुद्द मोठ्या डॉक्टरांना नागपूरच्या बसवर सोडायचं होतं. चढावर आकडा वर गेला आणि साडभाऊंनी जीप झाडाखाली लावली. बस गेली. मोठे डॉक्टर रागावले नाहीत, ते नुसते म्हणाले, ‘‘अहो, माझ्या पेशंटची तुम्ही एवढी काळजी घ्याल तर मी निवृत्त होईन.’’ सगळे हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मे महिन्यात एका सकाळी डुंगा नावाचा माडिया माणूस गावातल्या चौघांच्या मदतीनं आपल्या बायकोला खाटेवर घालून घेऊन आला. तिचे दिवस भरले होते आणि पहाटेपासून रक्त जात होतं. लहानशी होती ती, डोळे मोठे, तोंडातून आवाज नाही. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, की ऑपरेशन लागेल, रक्त लागेल, आपल्याकडं होणार नाही. गडचिरोलीला न्या, ताबडतोब. जीप निघाली. साडभाऊ चालवायला, मी त्यांच्या बाजूला, कारण मला येताना औषधं आणायची होती. मागं शबाना सिस्टर, डुंगा आणि ती. शबाना सिस्टर मूळच्या बल्लारपूरच्या, त्यांच्या वडिलांचं तिथं घड्याळदुरुस्तीचं दुकान. माणूस कामाला वाघ आणि जिभेला धार.

आदल्या दिवशी जंगलात नक्षलवाद्यांचा बंद होता. आल्लापल्लीच्या रस्त्यावर सागाची मोठी झाडं आडवी पाडलेली. ती उचलायला माणसं आलेली नव्हती, येण्याची लक्षणंही नव्हती. एकच वाट होती: खालच्या नाल्यात उतरायचं, नाल्याच्या कोरड्या पात्रातून पुढं जायचं आणि झाडं संपली की वर चढायचं. साडभाऊंनी जीप रेतीत घातली. चाकं रुतत होती, इंजिन घुमत होतं, गाडी माणसाच्या चालीनं सरकत होती. मी डबीकडं बघत होतो. दोनशे दहा. दोनशे तीस. बाहेर ऊन असं, की रेतीकडं डोळे उघडून बघवत नव्हतं. पात्रातून वर चढताना आकडा अडीचशे झाला, रस्त्याला लागलो तेव्हा दोनशे बासष्ट. साडभाऊंनी जीप कडेला घेतली आणि दांडी न्यूट्रलला टाकली.

‘‘क्या हुआ?’’ मागून सिस्टरनी विचारलं.

‘‘तेल तापलं, सिस्टर. थांबा लागते.’’

‘‘भाऊ, इथी बाई मरून राह्यली अन् तुम्ही तेल थंडं करता?’’

‘‘थांबलो त पोचू,’’ साडभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. ‘‘नाई थांबलो त पुढच्या चढावर गाडी उभी राहीन. मग कोणाच्या बापाच्यानं हालनार नाई. मंग काय करसान? या रोडवर आज कोनतीच गाडी नाई येत.’’

‘‘राहीन नाई, राहू शकते! बराबर का? शायद! शायदच्या भरवशावर थांबता?’’

साडभाऊ खाली उतरले आणि जीपमधलं पिण्याचं सगळं पाणी त्यांनी पुढच्या जाळीवर ओतलं. सिस्टरनी एक बाटली तेवढी ओढणीआड धरून ठेवली. वाफ निघाली. आकडा दोनच अंशांनी उतरला. डुंगाला मराठी फारसं येत नव्हतं, पण पाणी ओतताना तो बघत होता. त्यानं इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला, चटकन काढला, आणि माझ्या हातातला रिकामा कॅन घेऊन परत नाल्यात उतरला. मी त्याच्यामागं गेलो. एका वळणावर, जांभळीच्या मुळांशी, त्यानं दोन्ही हातांनी रेती उपसायला सुरुवात केली. ‘‘एर,’’ तो मला म्हणाला. पाणी. कोपरापर्यंत हात आत गेले तेव्हा रेती ओली लागली, मग खड्ड्यात गढूळ पाणी हळूहळू जमायला लागलं. ते आम्ही ओंजळीओंजळीनं कॅनमध्ये भरलं. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मला तो फार मोठा वाटला, आणि वर साडभाऊंना त्याहून मोठा वाटला असेल.

ते पाणीही जाळीवर ओतलं. उरलेलं घोटभर डुंगानं बायकोला पाजलं. तिनं काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी सांगितलं, आणि ती दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. आम्ही तिघं त्यांच्याकडं पाठ करून उभे होतो. साडभाऊंची नजर डबीवर. आकडा दोनशेच्या खाली आला तसे ते बसले आणि मग त्यांनी जीप अशी चालवली, की मी तशी त्यांनी आधी किंवा नंतर कधीच चालवलेली पाहिली नाही. आष्टी मागं पडलं, चामोर्शी मागं पडलं. गाडी कुठंही अडखळली नाही. डुंगाची बायको मात्र आल्लापल्लीनंतर बोलली नाही.

गडचिरोलीत तिला सरळ आत नेलं. पोर वाचली, मुलगी झाली. आई टेबलावरच गेली. बाहेर येऊन तिथले डॉक्टर हात पुसत म्हणाले, ‘‘अर्धा तास आधी आणली असती तर काही सांगता आलं असतं.’’ हे वाक्य डॉक्टर लोक दिवसातून कितीदा बोलत असतील कोण जाणे. त्यांना बिचाऱ्यांना वाटेतलं काहीच माहीत नव्हतं. पण साडभाऊ दाराशीच उभे होते. ते बाहेर गेले आणि जीपच्या पायरीवर बसून राहिले. परत येताना ती मागं चादरीत होती, पोर सिस्टरच्या मांडीवर. आकडा पूर्ण वाटभर एकशे ऐंशीच्या आसपास राहिला. तो कोणी जाहीर केला नाही.

दवाखान्यात त्यांना कोणी बोल लावला नाही. डॉक्टर म्हणाले, पुस्तकात लिहिलंय तेच तुम्ही केलं. डुंगानं तर महिन्याभरानं चारोळीची पुरचुंडी आणून दिली, ड्रायव्हरसाठी म्हणून. साडभाऊ ती घ्यायला समोर आले नाहीत, संडासात जाऊन बसले. फक्त शबाना सिस्टर त्यांच्याशी बोलायच्या बंद झाल्या. जेवणाच्या खोलीत साडभाऊ आले की त्या ताट उचलून निघून जायच्या. आणि साडभाऊंनी कशालाही हात लावून बघणं सोडलं. स्टोअरमधला फ्रिज एकदा खरंच जळाला, धूर निघाला, ते बाजूलाच बसलेले होते. त्यांनी फक्त म्हटलं, ‘‘वास येऊन राह्यला.’’

वर्ष गेलं. पुढचा मे आला तसं त्यांनी मला एक दिवस विचारलं, ‘‘साडभाऊ, तुमचं वजन किती?’’ मी सांगितलं. मग ते तराजू मागायला आले, मग रिकामी पोती मागायला आले, आणि मग माझ्या ध्यानात आलं. तेवढंच वजन, तोच महिना, तेच ऊन, तोच नाला. आणि या खेपेला थांबायचं नाही. बघायचं, गाडी उभी राहते का जाते. ‘‘मले पाहू द्या,’’ ते म्हणाले. ‘‘एकडाव पाहू द्या. मग गाडी गेली त गेली, माह्या पगारातून कापा जलमभर.’’ मी म्हटलं, ‘‘माझ्याऐवजी पोतं कशाला, मीच बसतो.’’ औषधं आणायला आल्लापल्लीला जायचंच होतं. डॉक्टरांच्या कानावर घातलं, ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, ‘‘औषधं आणायला जाताय ना? जा.’’

साडभाऊ शबाना सिस्टरचं वजन विचारायला गेले. बायकांना वजन विचारू नये एवढं त्यांनाही कळत होतं, म्हणून दारातच घुटमळले. सिस्टरनी त्यांच्याकडं बघितलं, खांद्यावरच्या पोत्याकडं बघितलं. ‘‘पोतं नका भरू,’’ त्या म्हणाल्या, वर्षभरात पहिल्यांदा. ‘‘मी येते.’’ मग त्यांनी अंदाजानं डुंगाचं वजन सांगितलं, आणि तिचं. तिचं पोतं भरलं तेव्हा ते निम्मंसुद्धा झालं नाही. रेतीच भरली होती आम्ही, नाल्यातली. ते पोतं साडभाऊंनी स्ट्रेचरवर आडवं ठेवलं, उभं नाही.

भर दुपारी निघालो. रस्ता आता मोकळा होता, झाडं केव्हाच कोणीतरी उचलून नेली होती, तरी जीप नाल्यात उतरली. त्याच रेतीतून तशीच रखडत निघाली. दोनशे दहा, दोनशे तीस, अडीचशे. आम्ही पात्रातून वर आलो, रस्त्याला लागलो. दोनशे साठ. साडभाऊंनी डाव्या पायाची मांडी मोडून पाय खाली सोडला होता, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं. पुढं चढ दिसत होता. ‘‘नाई थांबत,’’ ते म्हणाले, आम्हाला की गाडीला कळलं नाही. ‘‘आज नाई थांबत.’’ दोनशे बासष्ट. दोनशे पासष्ट. इंजिनाचा आवाज बदलला का माझे कान तसे झाले होते, सांगवत नाही.

आणि जीप हळू होत गेली. मला वाटलं, गेली. मला वाटलं, बरोबर होतं यांचं. मग खाली बघितलं तर साडभाऊंचा पाय अॅक्सिलेटरवरून उचलला गेला होता. त्यांनी उचलला नव्हता. तो आपोआप वर आलेला होता आणि ते त्याच्याकडं दुसऱ्याच कोणाचा असावा तसे बघत होते. जीप कडेला जाऊन थांबली. त्यांनी दांडी न्यूट्रलला टाकली.

‘‘नाई जमत, साडभाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘मले समजनारच नाई आता.’’ आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो एवढा उंच माणूस हमसून हमसून रडला.

शबाना सिस्टर मागून उतरल्या, फिरून त्यांच्या दाराशी आल्या आणि पाण्याची बाटली पुढं केली. ‘‘पानी पी लो, भाऊ,’’ त्या म्हणाल्या. साडभाऊंनी घेतली नाही तशी सिस्टरनी ओढणीचं टोक ओलं केलं आणि त्यांच्या मानेवर ठेवलं. ‘‘तुमच्या जागी मी बी असती त थांबलीच असती,’’ त्या म्हणाल्या. ते खरं होतं की नव्हतं हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तेल निवेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. आकडा कोणी बघितला नाही.

जीप त्यानंतर बरीच वर्षं चालली, आणि साडभाऊंनीच चालवली. पुढं दवाखान्याला नवी, गिअरची गाडी आली तेव्हा त्यांनी चाव्या दिल्या आणि चंद्रपूरला, बाबूपेठेत, मुलाकडं राहायला गेले. मी तिकडं जातो तेव्हा भेटतो. डोळे अधू झालेत, पाठ आणखी वाकली आहे, दुपारभर कूलरसमोर बसतात. मेहुणी म्हणते, आता सुधरले, आता टीव्ही पेटला तरी उठत नाहीत. आणि हे सांगताना ती खूश दिसत नाही.

डुंगाची पोर आजीनं वाढवली. पुढं ती आश्रमशाळेत गेली, आणि आमच्या दवाखान्यात फोन बसला तेव्हापासून साडभाऊंचा मला दर काही दिवसांनी फोन येतो. इकडची तिकडची चौकशी होते, पाऊस, धान, माझी शुगर. मग ते विचारतात, ‘‘ती पोरगी कितवीत गेली?’’ मागच्या खेपेला सांगितलेलं असतं, पण मी पुन्हा सांगतो. कधी सांगतो, की गणितात बरी आहे. कधी, की सुटीत आली होती, उंच झाली आहे, बापासारखी भरभर चालते. तिकडून बराच वेळ काही आवाज येत नाही. मी फोन ठेवत नाही.